पाचव्या ‘का’च्या आधी चहा आला

संत तुकाराम नगरात धम्मरत्न ओव्हाळ हे प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. आईने त्याला कोथिंबीर आणायला पाठवलं, तर हा दुपारी परत आला तो एका अनोळखी माणसाचा सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवून. कोथिंबीर त्या सोफ्यावरच राहिली. आईने पुन्हा पाठवलं, तर सोफा खिडकीजवळ कसा दिसतोय तेवढं बघून आला. एकदा स्कूटर चिंचवड स्टेशनला विसरला आणि ती चोरीला गेल्याची तक्रार द्यायला त्याच स्कूटरवरून चौकीत गेला. हे त्याला कसं जमलं ते हवालदारालाही सांगता आलं नाही. त्याने तक्रार मात्र लिहून घेतली.

त्याची आई चतुराबाई आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आली, "धम्मा, लक्ष कुठंय तुझं?" शाळेतल्या मास्तरांनी तोच विचारला. पुढे डिप्लोमा झाला, चाकणच्या कंपन्या सुरू झाल्या, तिथल्या साहेबांनीही तोच विचारला. प्रत्येक कंपनीने त्याच्या डोक्याचं कौतुक केलं आणि कौतुक करत करत गेटपर्यंत सोडून दिलं. शेवटी चतुराबाई त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पोरगं ऐकत नाही म्हणजे ऐकूच येत नसणार, असा तिचा सरळ हिशेब. कानवाल्याने दोन्ही कान तपासले आणि म्हणाला, "कान उत्तम आहेत. आत काय होतं ते बघायला डॉक्टर सुखदांकडे जा."

डॉक्टर सुखदा मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी दोन-तीन बैठका घेतल्या, चतुराबाईकडून लहानपणची सगळी गाऱ्हाणी ऐकली आणि सांगितलं, याला एडीएचडी आहे.

"म्हंजी लक्ष न्हाई?" चतुराबाईने विचारलं.

"लक्ष भरपूर आहे हो. चाकणच्या चौकासारखं झालंय ते. कांद्याचा ट्रक, कंपनीची बस, रिक्षा, सगळे एकदम पुढे. मग कोणीच पुढे जात नाही. ही गोळी म्हणजे चौकातला हवालदार. ड्यूटीपुरता उभा राहील. रस्ता रुंद करायचं काम तुमचं: झोप, ठरलेल्या वेळा, एका वेळी एकच काम."

"दोन हवालदार उभे केले तर?" धम्मरत्नने लगेच विचारलं.

"तर ते एकमेकांवर शिट्ट्या मारत बसतील. सकाळी पोटभर नाश्ता, मग एक गोळी. बीपी, नाडी, वजन मी बघत राहीन. स्वतःच्या मनाने वाढवायची नाही आणि कोणाला द्यायची नाही. जिवाभावाच्या मित्रालाही नाही."

धम्मरत्नने मान डोलावली. मान डोलावताना तो भिंतीवरच्या घड्याळाचा काटा का अडखळतो ते बघत होता.

सांगितलेलं सगळं त्याने पाळलं असतं, तर मग तो धम्मरत्न कसला! एका रविवारी घर आवरायचं म्हणून पठ्ठ्याने संध्याकाळी दुसरी गोळी घेतली. आईचे स्टीलचे डबे त्याने आधी उंचीप्रमाणे लावले, मग वजनाप्रमाणे, मग झाकणांच्या आवाजाप्रमाणे. सूर्य उगवला तेव्हा स्वयंपाकघर सुरात लागलं होतं आणि कंपनीची बस निघून गेली होती. तेव्हापासून गोळ्यांची पट्टी चतुराबाईच्या ताब्यात गेली. ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यात असते. रोज एक गोळी बाहेर येते, तीसुद्धा दोन भाकऱ्या पोटात गेल्यावर. "आधी खा. त्या गोळीनं भूक मरती. मग दुपारी वाळल्या बोंबलावानी दिसतोस," असं ती म्हणते.

पण फरक पडला. धम्मरत्न जिथे कामाला होता ती कंपनी मोटारींच्या दारांची कुलपं बनवते. तो लाईन चारवर तपासनीस. कुलूप गेजमध्ये बसलं तर पास, अडकलं तर बाद. पूर्वी ते गेज त्याच्या जेवणाच्या डब्यात सापडायचं आणि डब्यातला चमचा गेजच्या जागी. आता गेज गेजच्या जागी राहू लागलं. लाईन चारची तक्रार येईना. पर्मनंट होण्याचा त्याचा कागद सहीसाठी मॅनेजरच्या खणात जाऊन पडला. ओव्हाळांच्या घरात त्या कागदावर तीन गोष्टी अडून होत्या: घराचं कर्ज, चतुराबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि ‘अजून टिकला का रे?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांची तोंडं.

तो खण मुकुंदराव देवस्थळींचा. माणूस वाईट नाही, फक्त जपानला जाऊन आलेला.

तिथून आणलेली एक गोष्ट त्यांच्या अंगात भिनली होती. एका लाईनवर काही चांगलं झालं की ते जसंच्या तसं सगळ्या लाईनींवर लावायचं. याला ते ‘हॉरिझॉन्टल डिप्लॉयमेंट’ म्हणत आणि म्हणताना दोन्ही हात विमानासारखे पसरत. एकदा लाईन दोनवर एसी गळत होता म्हणून खंडूने खाली बादली ठेवली. खंडू चाकणचाच, कंपनी ज्या शेतात उभी आहे त्याच्या शेजारच्या शेतातला. योगायोगाने त्या आठवड्यात लाईन दोनवर माल कमी बाद झाला. पुढच्या सोमवारी सगळ्या लाईनींवर नव्या कोऱ्या बादल्या! प्रत्येकीभोवती जमिनीवर पिवळी चौकट आणि ‘बादलीची जागा’ अशी पाटी. एसी केव्हाच दुरुस्त झाला. बादल्या राहिल्या. त्यांची दर महिन्याला तपासणी होते आणि आजवर एकही बादली नापास झालेली नाही.

तर अशा मुकुंदरावांनी लाईन चारचं यश हेरलं आणि धम्मरत्नला केबिनमध्ये बोलावलं. दुसरी जपानी विद्या म्हणजे पाच वेळा ‘का’ विचारायचं. पाचव्या ‘का’ला खरं कारण हाताला लागतं.

"लाईन चारवर तक्रारी का कमी झाल्या?"

"खराब माल माझ्या नजरेतून सुटत नाही, साहेब."

"का सुटत नाही?"

"लक्ष राहतं."

"का राहतं?"

इथे शहाण्या माणसाने ‘कंपनीवर प्रेम आहे साहेब’ असं म्हणून सुटका करून घेतली असती. धम्मरत्न म्हणाला, "गोळी घेतो."

"का घेतोस?"

"डॉक्टरांनी दिली."

आता पाचवा ‘का’. डॉक्टरांनी का दिली, हे विचारलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण दार उघडलं आणि चहा आला. मुकुंदरावांनी घोट घेतला आणि चार ‘का’वरच त्यांना साक्षात्कार झाला.

"म्हणजे लक्षाची गोळी निघाली आहे! अरे, मग ती एका लाईनवर का? पुढच्या गुरुवारी गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट आहे. सगळ्या तपासनिसांना पुरतील एवढ्या घेऊन ये."

"साहेब, ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आणि दुसऱ्याला देणं गुन्हा आहे."

"गुन्हा कसला? शेअरिंग!"

"साहेब, माझे सेफ्टी शूज सात नंबरचे आहेत. मला छान बसतात. म्हणून सगळ्यांना सातचेच वाटाल का?"

मुकुंदराव गंभीर झाले. खोटं वाटेल, पण त्यांनी खरंच कॅल्क्युलेटर ओढला. मग भानावर येऊन आवाज खाली आणला. "हे बघ धम्मरत्न. तुझा कागद माझ्या खणात आहे. मानसोपचाराच्या गोळ्या चालू आहेत हे एचआरला कळलं तर ते पर्मनंट करतील का, मला शंका आहे. मी बोलणार नाही. तू सहकार्य कर."

धम्मरत्न घरी आला आणि आईला सगळं सांगितलं. चतुराबाई भाकरी थापता थापता थांबली. "तू त्याला सांगितलंसच कशाला?"

"तोंडातून गेलं."

"ती गोळी जिभंला लागू व्हत न्हाई का रं?"

डॉक्टर सुखदांना फोन केला. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "एकही गोळी द्यायची नाही. ज्याला गरज नाही त्याला अक्कल येत नाही, धडधड येते. आणि एखाद्याचं बीपी आधीच चढलेलं असलं, तर जिवावर बेतेल."

"आणि माझा कागद?"

"कागदावर माझ्याकडे गोळी नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचाही इलाज चालत नव्हता.

गुरुवार उजाडला. ऑडिटमुळे बस लवकर. नाश्त्याला वेळ नव्हता म्हणून चतुराबाईने डब्याच्या वरच्या पुडात पोहे भरले आणि कॅलेंडरच्या कागदाची पुडी करून त्या दिवसाची गोळी वर ठेवली. "बसमध्ये खा, मग गोळी घे." बसमध्ये धम्मरत्नला पुढच्या सीटवरच्या माणसाच्या टोपीची शिवण उसवलेली दिसली. मोशी ते चाकण तो ती शिवण बघत बसला. डबा तसाच कंपनीत पोचला.

मुकुंदराव दारातच उभे. डोळ्यांत ऑडिट, हातात तिसरी कॉफी.

"आणल्यास?"

"नाही, साहेब. आणणार नाही."

"विचार केलास?"

"केला. भीती वाटतेय, पण नाही."

डबा रॅकवर ठेवून धम्मरत्न गेज लावायला लाईनवर गेला. मागे साहेब रॅकपाशी उभे राहिले. कोणतीही वस्तू बिनपाटीची दिसली की ती उघडून बघणं हे त्यांचं कर्तव्यच होतं. डब्यावर पाटी नव्हती. पुडीवर तर नव्हतीच. आणि एकच गोळी होती म्हणून काय झालं? सगळीकडे लावण्याआधी एका ठिकाणी चाचणी घ्यायची, हे जपानी लोकही सांगतात. मुकुंदरावांनी चाचणी स्वतःवर घेतली आणि वर चौथी कॉफी ओतली.

इकडे धम्मरत्नने डबा उघडला तर पोहे आहेत, पुडी नाही. त्याला वाटलं, आपणच कुठेतरी पाडली. असल्या बाबतीत त्याचा स्वतःवरच पहिला संशय. आज हवालदाराविना चौक चालवायचा होता. डॉक्टरांनी शिकवलेलं सगळं त्याने बाहेर काढलं. मोबाईल खंडूकडे दिला, तोंड भिंतीकडे केलं, प्रत्येक कुलूप हातात घेताना मोठ्याने म्हणायला लागला, "घेतलं. बसवलं. बघितलं. ठेवलं."

"भावा, मंत्र म्हनतोस व्हय?" खंडूने विचारलं.

"बोलू नकोस माझ्याशी. तुझ्या मिशीकडे लक्ष जातंय."

तेवढ्यात गिऱ्हाईक कंपनीच्या ऑडिटर बाई आल्या. पद्मा कारखानीस. बुटक्या, शांत, आणि प्रश्न विचारून झाल्यावर उत्तराची वाट बघणाऱ्या. अशा माणसांना सगळं चाकण घाबरतं. मुकुंदरावांनी त्यांना पहिल्या लाईनवर नेलं आणि तिथेच साहेबांना गोळी चढली.

त्यांचं लक्ष लागलं. फार लागलं. पण ते लागलं बादलीच्या चौकटीवर. पिवळी रेघ एका कोपऱ्यात किंचित वाकडी होती. मुकुंदराव गुडघ्यावर बसले. मोजपट्टी काढली. मग त्याहून बारीक मोजणारं व्हर्निअर मागवलं. पद्माबाई कुलपांविषयी विचारत होत्या आणि साहेब बादलीचा इतिहास सांगत होते, तिच्या कडीचा व्यास सांगत होते, बादली आणि शिस्त यांचं नातं सांगत होते. श्वास घ्यायला थांबत नव्हते. कपाळावरून घाम बादलीत ठिबकू लागला. नव्या बादल्यांमध्ये काही पडायची ही पहिलीच वेळ.

"साहेब, पलीकडच्या लाईनला जाऊ या का?" पद्माबाई म्हणाल्या.

"ही रेघ!" मुकुंदराव म्हणाले आणि छातीवर हात ठेवून तिथेच बसले. "आत बुलेट चालू झालीय."

एकच धावपळ. कोणी पंखा आणला, कोणी चप्पल काढली. खंडूने कांदा फोडून साहेबांच्या नाकाशी धरला. कांदा का, ते विचारू नका. चाकणमध्ये बेशुद्ध माणसाला कांदा, शुद्धीतल्या माणसालाही कांदा. कंपनीची नर्स धावत आली आणि बीपी बघून तिचा चेहरा उतरला. "सर, काही खाल्लंय का? कुठलं औषध घेतलंय? खरं सांगा."

"कॉफी," साहेब म्हणाले. "फक्त कॉफी."

धम्मरत्न गर्दीत मागे उभा होता. त्याला साहेबांच्या खिशातून डोकावणारा कागद दिसला. एका बाजूला एकादशी, दुसऱ्या बाजूला दुधाच्या खाड्याची खूण, आईच्या हातची घडी. त्याला सगळं कळलं.

आता बघा, गप्प राहिलं तर काय बिघडत होतं? साहेब ‘कॉफी’ म्हणत होते, अख्खी कंपनी ‘कॉफी’ म्हणणार होती. बोललं तर एचआरचा माणूस शेजारीच उभा, ऑडिटर समोर, सगळे तपासनीस भोवती. खणातला कागद खणातच कुजणार. धम्मरत्नच्या चौकात ट्रक, बस, रिक्षा सगळे एकदम घुसले. पण कधी कधी हवालदार नसला तरी रुग्णवाहिकेला वाट मिळते.

"कॉफी नाही," तो म्हणाला. "त्यांनी माझी गोळी घेतलीय." त्याने नाव सांगितलं, किती ताकदीची ते सांगितलं, साहेबांच्या खिशातला पुडीचा कागद काढून नर्सच्या हातात दिला. "मला एडीएचडी आहे. त्यावरची आहे. डॉक्टरांचा नंबर लावून देतो, बोला."

साहेबांनी डोळे मिटले. मिटण्यामागे निम्मं कारण बीपी होतं.

साहेबांना हॉस्पिटलमध्ये हलवलं. वाचले. पण तिथे दुसराच शोध लागला. त्यांचं बीपी गोळीने भडकलं खरं, पण आधीपासूनच चढलेलं होतं, कित्येक वर्षं, आणि त्याला कधी कुणी ‘का’ विचारला नव्हता.

पद्माबाईंनी ऑडिट पुरं केलं. लाईन चारजवळ उभ्या राहून त्यांनी धम्मरत्नचं "घेतलं, बसवलं, बघितलं, ठेवलं" ऐकलं आणि पुढे गेल्या. अहवालात एकच गंभीर ठपका ठेवला: ‘प्रत्येक लाईनवर बादली. हेतू कोणालाही सांगता आला नाही.’

त्या दिवशी लाईन चारवरून एकही खराब कुलूप सुटलं नाही. मात्र त्याची किंमत धम्मरत्नच्या डोक्याने दिली. संध्याकाळी तो इतका पिळून निघाला होता की बसमध्ये बसला तो चऱ्होलीत उतरला. ती बस चऱ्होलीवरून जातच नाही. ड्रायव्हर अजूनही विचार करतोय.

आठवडाभर एचआरकडून शब्द नाही. चतुराबाई रोज विचारायची, "कामावरनं काडलं का रं?" धम्मरत्न म्हणायचा, "अजून नाही." मग मुकुंदराव रुजू झाले आणि बोलावणं आलं. टेबलावर पर्मनंटचा कागद होता. एचआरने ‘हरकत नाही, निर्णय मॅनेजरचा’ असं लिहून आपले हात धुऊन घेतले होते. शेजारी नवीनच एक गोष्ट दिसली: गोळ्यांची छोटी डबी, भोवती पिवळी चौकट, ‘साहेबांची गोळी’ अशी पाटी.

"धम्मरत्न, मी अभ्यास केला," साहेब म्हणाले. माफी वगैरे काही नाही. तो प्रकार जपानहून आणायचा राहिला असावा. "ऑडिटच्या दिवशी तू गोळी घेतली नव्हतीस. तरी तुझ्या लाईनवर एकही चूक नाही. याचा अर्थ काय? गोळीची गरजच नाही! तू गोळी बंद केल्याचं लिहून दे. मी इथे सही करतो."

धम्मरत्न त्या दिवशी आठ तास झोपून, पोटभर खाऊन, गोळी घेऊन आला होता. चौक मोकळा होता.

"साहेब, ती डबी कसली?"

"बीपीची."

"रोज घेता?"

"रोज. परवा रविवारी राहिली तेवढी."

"मग काय झालं?"

"काही नाही झालं."

"मग बंद करा की. गरजच नाही."

"वेडा आहेस का? एक दिवस राहिली आणि निभावलं, म्हणजे गरज नाही असं थोडंच..." साहेब बोलता बोलता थांबले. त्यांनी डबीकडे बघितलं, मग पिवळ्या चौकटीकडे. ती सरळ होती.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही चार ‘का’ विचारलेत," धम्मरत्न म्हणाला. "पाचवा राहिला."

"कुठला?"

"डॉक्टरांनी गोळी का दिली? मला लागते म्हणून. माझं डोकं जन्मापासून असं आहे. गोळी घेतली तर दिवसभराचं काम करून घरी जाताना मी शिल्लक राहतो, नाहीतर चऱ्होलीला पोचतो. ती मला लागते. तुम्हाला नाही. खंडूला नाही. बादलीला तर नाहीच. लिहून देणार नाही."

मुकुंदरावांनी पेन उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं. आणि सही केली. शिक्का मारला, फुंकर घातली, कागद पुढे सरकवला. धम्मरत्नने तो घेतला, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवून वर हात दाबून धरला. हा कागद सोफ्यावर राहून चालणार नव्हता.

तो दाराकडे वळला तेव्हा साहेब डबी हातात घेऊन उजेडात धरत होते. चेहऱ्यावर जुनं तेज परत येत होतं.

"एक मात्र आहे हं, धम्मरत्न," ते म्हणाले. "ही सुरू केल्यापासून मी कुणावर ओरडलेलो नाही. डोकं कसं शांत! आपले सगळे सुपरवायझर केवढे ओरडतात. समजा, ही जर सगळ्या लाईनींवर..." आणि त्यांचे हात हळूहळू विमानासारखे पसरू लागले.

धम्मरत्नने दार सताड उघडलं आणि जिन्यात जाऊन जिवाच्या आकांताने ओरडला, "खंडू, साहेबांना चहा पाठव रे! पळत पळत पाठव, हात पुरते पसरायच्या आत!"